आठ गावांना दिलेला शब्द

अंबुजाक्कांच्या खोलीत कोणीही आलं, अगदी दिल्लीहून आलेला मोठा साहेब असला, तरी त्या आधी टेबलावरच्या ताटलीतली साळ बघायच्या आणि मग माणूस. ताटलीत नमुन्याची साळ असायची, टरफलासकट तांदूळ. चिमूटभर उचलायच्या, एक दाणा पुढच्या दातांत धरायच्या, डोळे बारीक करायच्या, आणि 'कट्' असा आवाज आला नाही, तर सांगायच्या, "आणखी एक ऊन पाहिजे." ओलावा मोजायचं यंत्र आमच्या केंद्रात होतं, चांगलं महागाचं. आम्ही ते लावून बघायचो. बहुतेक वेळा अक्कांचंच बरोबर निघायचं, आणि निघालं नाही तर त्या यंत्रालाच नावं ठेवायच्या.

तंजावूरच्या बाहेर, कालव्याला लागून आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. पिकून घरात आलेल्या साळीचं पुढं काय करायचं, ती उकडायची कशी, वाळवायची कशी, भरडायची कशी, हे तिथं शिकवलं जायचं. मी मूळची मिरजेची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून तंजावूरला आले आणि या केंद्राच्या यंत्रशाळेत नोकरीला लागले. अंबुजाक्का तिथं उकड्या तांदळाच्या विभागाच्या प्रमुख होत्या. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या जुन्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची मराठी ऐकायला मला पहिले काही महिने कान टवकारून बसावं लागे. तामिळ सुरात, मध्येच एखादा असा शब्द यायचा की मी तो फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेला असायचा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जवळच्या एका गावातल्या बायकांसाठी पाखडणीचं छोटं यंत्र मी तयार करत होते. अक्का आल्या, यंत्राभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "पुसलंस का?"

"हो अक्का. सकाळीच पुसलं. तेलसुद्धा लावलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. पुढच्या अकरा वर्षांत मी त्यांना इतकं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

"अगे, यंत्र नव्हे. त्या बायकांस. त्यांस पुसलंस का, कसं पाहिजे म्हणून?"

पुसणं म्हणजे विचारणं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी कोणालाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावच्या बसमध्ये घातलं आणि स्वतःही आल्या. बायकांच्या घरांपासून खळ्यापर्यंतची वाट म्हणजे शेताचा बांध होता, हातभर रुंद. मी यंत्राला हौसेनं चार चाकं बसवली होती. एक म्हातारी चाकांकडे बघून तामिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. अक्कांनी भाषांतर केलं नाही. परत येताना फक्त म्हणाल्या, "चाकं काढ. दोन दांडे लाव. पालखीसारखं नेतील."

तेव्हापासून त्या मला नावानं हाक मारेनाशा झाल्या. "मिरज" म्हणायच्या. "मिरज, इकडं ये." "मिरज, काय करूलीस?"

माणूस म्हणून त्या सोप्या नव्हत्या. कौतुक करणं त्यांना जमत नसे आणि ऐकून घेणंही जमत नसे. प्रशिक्षणार्थी निरोपाच्या दिवशी हार घेऊन आले की त्या हार टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "थँक्यू राहूं दे. काय चुकलं तें सांगा." लोक गोंधळायचे. कोणी काही सांगितलं नाही तर अक्का नाराज व्हायच्या, आणि सांगितलं तर वाद घालायच्या. पण रात्रीतून विचार करून सकाळी यायच्या आणि ते बदललेलं असायचं. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी त्या तामिळ लिपीत लिहीत. घरी थोरले भाऊ माधवराव, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि या. लग्न का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

केंद्रात परदेशी लोक अधूनमधून येत असत. पण पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या बारा बायका आल्या तो प्रकार वेगळा होता. युरोपातल्या एका श्रीमंत देशाच्या पैशातून एक मदतसंस्था तिथल्या खेड्यांत तांदळाचा प्रकल्प चालवत होती. तिथंही आपल्यासारखाच तांदूळ उकडतात आणि ते काम बायकाच करतात. त्यांना ते अधिक चांगलं शिकवायचं, भांडी द्यायची, आणि शिकवणी आमच्या केंद्रानं द्यायची, असं ठरलं होतं. त्या सहा आठवड्यांसाठी आल्या. त्यांची म्होरकी इसातू. चाळिशीची, उंच, सावकाश बोलणारी. तिला इंग्रजी येत होतं, बाकीच्यांना ती सांगायची.

पहिल्या दिवशी अक्कांनी वर्ग घेतलाच नाही. तिरुवैयारूजवळच्या एका लहान गिरणीत त्यांना घेऊन गेल्या. तिथल्या तामिळ बायका साळ उकडत होत्या. वाफ सुटलेली, पायाखाली ओलं खळं. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण दहा मिनिटांत त्या एकमेकींच्या साळीत हात घालत होत्या, दाणे चावून बघत होत्या. इसातूनं दाणा दातांत धरला तेव्हा तिचे डोळे अक्कांसारखेच बारीक झाले. अक्का तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

त्याच दुपारी, नारळाच्या सावलीत जेवताना, अक्कांनी तिला विचारलं, "याआधी कोणी मदत दिली होती काय?"

"तीनदा," इसातू म्हणाली. "तीनदा आम्ही नाचून स्वागत केलं."

मग तिनं सांगितलं. पहिल्यांदा साळ भरडायचं यंत्र आलं, ते एका पट्ट्याअभावी बंद पडलं आणि तो पट्टा त्या देशात मिळत नव्हता. दुसऱ्यांदा बियाणं आलं, पेरणी उलटून गेल्यावर. तिसऱ्यांदा उकडायचं मोठं चकचकीत भांडं आलं. एवढं मोठं, की ते तापवायला गावाचं आठवड्याचं सरपण लागायचं आणि कलतं करायला चार पुरुष. दिवसा पुरुष गावात असतात कुठं? आता त्यात पावसाचं पाणी साठवतात.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

इसातू माझ्याकडे वळली. "देणाऱ्याला असं सांगितलं तर तो पुन्हा येतो का?"

अक्कांनी पानावरचा भात तसाच ठेवून पान दुमडलं. त्या भात टाकत नसत.  दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "मिरज, तूं काढलेला मोठ्या भांड्याचा नकाशा फाड. लहान पिंप करूं. त्यांच्याच गावाकडचा वेल्डर करील असं. बिघडलं तर त्यालाच दुरुस्त करतां आलं पाहिजे."

ही गोष्ट बोलायला सोपी होती. संस्थेचा योनास नावाचा तरुण अधिकारी आमच्याकडे येत असे. भला मुलगा, दाढीवाला, उन्हानं लाल झालेला. त्यानं सांगितलं की भांडी पैसे देणाऱ्या देशातल्या कारखान्याकडूनच घ्यायची, अशी अट आहे.

"म्हणजे मदत त्यांस का कारखान्यास?" अक्कांनी विचारलं.

योनास म्हणाला, "दोघांना."

"सरि, ठीक. मग कारखान्यास निराळी द्या."

बैठकीला बसलेल्या आमच्या केंद्राच्या डायरेक्टर सारांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. अक्कांनी बदलू दिला नाही. इसातूनं सांगितलेलं सगळं त्यांनी तिथं सांगितलं, तिचं नाव न घेता. गावं कमी करा, पण जिथं जाल तिथं पुरं करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पिंप, वाळवायला सिमेंटचं खळं, तिथल्या वेल्डरला शिकवणी, आणि पुढची दोन वर्षं कोणीतरी जाऊन विचारत राहील अशी सोय. योनास लिहून घेत होता. तीन महिने त्याची आणि त्याच्या वरच्यांची पत्रं चालली असावीत. शेवटी अट शिथिल झाली. त्या दिवशी त्यानं फोन केला तेव्हा तो आमच्यापेक्षा खूश होता. अक्का म्हणाल्या, "बरं झालं. खळं कोण बांधणार?" तर त्यावर दुसरी अट होती. खळं गावानं स्वतःच्या मेहनतीनं बांधायचं, मग पिंप मिळणार. लोकांनी स्वतः काही घातलं तर ते काम टिकतं, असं संस्थेचं मत. अक्कांनाही ते पटलं.

सत्तावन्नाव्या वर्षी अंबुजाक्कांनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. सिएरा लिओनला सोबत मी गेले, तिथल्या वेल्डरला शिकवायला म्हणून. त्यांनी एका पिशवीत आपल्या उकड्या तांदळाचे नमुने घेतले होते आणि दुसऱ्या पिशवीत तिकडचं जेवण सोसलं नाही तर म्हणून मेतकूट. मेतकूट तसंच परत आलं. इसातूच्या घरी कसाव्याच्या पाल्याचं कालवण आणि भात असायचा, आणि अक्का मांडी घालून सगळ्यांबरोबर जेवायच्या.

आठ गावं निवडली होती. शेवटच्या दिवशी आठही गावांच्या बायका आंब्याच्या एका झाडाखाली जमल्या. त्यांतल्या एकीनं उठून विचारलं आणि इसातूनं ते आम्हाला सांगितलं. "ती विचारते, आम्ही वाळू वाहू, दगड फोडू, खळं बांधू. मग पिंप नक्की येईल?"

अक्कांनी योनासकडे बघितलं. योनासनं होकारार्थी मान हलवली. अक्का त्या बाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "येईल." इंग्रजीत म्हणाल्या, पण त्या बाईला भाषांतर लागलं नाही.

पुढचं वर्षभर बरं चाललं, पण सगळंच बरं नाही. अक्कांची स्वतःची एक चूक झाली. त्यांनी शिकवलेल्या पद्धतीनं उकडलेला तांदूळ फिकट, स्वच्छ, वासाशिवायचा निघायचा. आपल्याकडे तसाच चांगला समजतात. खळं बांधून पिंप मिळालेल्या पहिल्या गावच्या बायकांनी तो बाजारात नेला तर कोणी घेईना. तिथल्या गिऱ्हाइकाला आपल्या गावचा तांदूळ किंचित तांबूस आणि धुराचा वास असलेला लागत होता. हा पांढरा तांदूळ बघून लोकांना वाटलं, हा बोटीतून आलेला परदेशी माल, आमच्या नावावर खपवतात. चार पोती परत घरी आली.

इसातूनं ते फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या.

"दोन आठवडे तिच्या घरीं जेवलें," त्या म्हणाल्या. "तिचा भात रोज खाल्ला. वास आला होता मज. तरी पुसलं नाहीं. वाटलं, मज ठाऊक आहे."

सहामाही अहवालात त्यांनी लिहिलं, 'ही चूक माझी आहे.' योनासनं हळूच सुचवलं की त्याऐवजी 'यातून शिकायला मिळालं' असं लिहू या. अक्कांनी बदल केला नाही. पण पद्धत बदलली. पुढच्या खेपेला तांदूळ विकला गेला.

पहिलं गाव सुरळीत चालू लागलं होतं, ते बघून उरलेल्या गावांनी खळी बांधायला घेतली. फोटो यायचे. डोक्यावर वाळूची घमेली, कडेवर मूल, मागं ओल्या सिमेंटचा चौकोन. अक्का ते फोटो मोठे करून बघायच्या आणि उतार कुठल्या बाजूला ठेवलाय ते तपासायच्या. शेवटच्या गावचं खळं पुरं झाल्याचा फोटो आला तेव्हा त्यांनी तो माधवरावांना दाखवायला घरी नेला, हे मला नंतर कळलं.

आणि मग एका सकाळी योनासचं चार ओळींचं पत्र आलं. पैसे देणाऱ्या देशात सरकार बदललं होतं. परदेशांना द्यायच्या मदतीत मोठी कपात झाली होती. आमचा प्रकल्प त्या तारखेपासून बंद. पिंपांचे पैसे येणार नव्हते. योनासची नोकरीही त्याच महिन्याअखेर संपत होती.

मी पत्र वाचून अक्कांच्या खोलीत गेले. त्या खिडकीशी उभ्या होत्या. "इसातूला कोण सांगणार?" मी विचारलं.

"संस्था कळवील म्हणतात." मग टेबलाशी येऊन, "नाहीं. शब्द मी दिला होता."

त्यांनी त्याच दुपारी फोन लावला आणि मला बसायला सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. त्यांनी काही गाळलं नाही, काही गुळमुळीत केलं नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.  

मग इसातू म्हणाली, "सात खळी तयार आहेत."

"हो."

"आमच्यातली फातू वाळू वाहत होती तेव्हा तिचं मूल पोटात होतं. तिला काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं काय आहे?"

अक्कांनी योनासचं पत्र पुढं ओढलं.  इसातूच पुढं म्हणाली, अजिबात आवाज न चढवता, "पहिल्या तिघांनी आमच्याकडून काही मागितलं नव्हतं. तुम्ही मागितलंत." आणि फोन बंद झाला.

अक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी चहा आणते म्हटलं. त्या म्हणाल्या, "पोदुम. पुरे, मिरज. तूं जा."

पुढच्या महिन्यात प्रकल्प बंद करायचे कागद आले. त्यात एक समाप्ती अहवाल होता, छापील. 'प्रकल्पाची उद्दिष्टं बहुतांशी साध्य झाली' असं वाक्य आणि खाली सह्यांच्या जागा. एक अक्कांची, एक यंत्रशाळेची, म्हणजे माझी. हे कागद गेले नाहीत तर केंद्राला पुढची कामं मिळायला अडचण येईल, असं डायरेक्टर सारांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "आठांतलं एक गाव झालं. बहुतांशी कसं?"

"मॅडम, बायकांना शिकवलं, खळी झाली. तो भाग साध्यच आहे."

"मग तसं लिहा. खळीं झालीं, पिंपं दिलीं नाहींत. त्याखालीं आतां सही करतें."

वाक्य बदललं नाही. अक्कांनी सही केली नाही. मी केली. हे इथं लिहायलाच हवं. माझ्या मुलीची शाळा होती, घराचा हप्ता होता, आणि सगळे करत होते. सही करून मी अक्कांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "वाचून केलीस?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या, आणि ताटलीतली साळ निवडायला लागल्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांना एका वर्षाच्या करारावर ठेवलं होतं. तो पुढं वाढवला नाही. कारण कोणी दिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एका संध्याकाळी ताटली, चाळणी आणि दोन पुस्तकं कापडी पिशवीत घालून त्या रिक्षानं घरी गेल्या.

घरून त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. संस्थेला, त्या देशाच्या वकिलातीला, आपल्याकडच्या खात्यांना. एका ठिकाणाहून उत्तर आलं, त्यात त्यांच्या आस्थेबद्दल आभार मानले होते. योनासनं मात्र स्वतःहून लिहिलं, 'त्या झाडाखाली मी मान हलवली होती, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे.' ते पत्र त्यांनी जपून ठेवलं. त्याचा उपयोग काही झाला नाही.

मग त्या पिंपांसाठी पैसे मागत तंजावूरमध्येच हिंडू लागल्या. गिरणीवाले, धान्याचे व्यापारी, शाळेतले जुने सोबती. एका क्लबानं त्यांना भाषणाला बोलावलं आणि मी सोबत गेले. छोटा हॉल, समोर पन्नासेक माणसं, मागच्या बाजूला इडलीचे डबे. अक्का तामिळमध्ये बोलल्या, सरळ, न सजवता. संपल्यावर एक गृहस्थ उठले. "अम्मा, राग मानू नका. आपल्याच जिल्ह्यात गरीब थोडे आहेत काय? आधी आपलं बघावं की आफ्रिकेचं?"

हॉलमध्ये काही माना हलल्या. 

"मी ज्या शाळेत शिकले," त्या म्हणाल्या, "तिथं दुपारी उप्पुमा मिळायचा. परदेशातून आलेल्या गव्हाचा. पोत्यांवर आम्हांला न वाचता येणारी अक्षरं असायची. माझे वडील तेव्हा आजारी होते. घरी एकच वेळ चूल पेटायची. तो उप्पुमा मला आवडत नसे. आम्ही भात खाणारी पोरं. कोणी आम्हांला विचारलं नव्हतं, तुम्ही काय खाता. विचारायला हवं होतं. पण त्या देशातही तेव्हा गरीब असतीलच ना? तिथंही कोणीतरी उठून म्हणालं असेल, आधी आपलं बघा. ते ऐकून त्यांनी गहू पाठवला नसता, तर मी चौथीत शाळा सोडली असती. मला दोन्ही आठवतं. नावडता उप्पुमाही आणि भरलेलं पोटही. म्हणून मी म्हणते, द्या. आणि देताना विचारा. त्यातलं एकच करायचं असं कोणी सांगितलंय?"

टाळ्या झाल्या, फार नाही. त्या गृहस्थांनीच जाताना एका पिंपाचे पैसे दिले, नाव सांगितलं नाही. बाकी सगळं मिळून आणखी एकाचे झाले. तिसऱ्याचे अक्कांनी स्वतः घातले असावेत. माधवरावांची मान त्या विषयावर नेहमी दुसरीकडे वळायची. मी रविवारी त्यांच्या घरी बसून पिंपाचा नकाशा पुन्हा काढला, जुन्या तेलाच्या पिंपातून करता येईल असा. सहीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी रेघा मारत असताना त्या समोर बसून वेल्डरशी फोनवर भांडत, की जाळीची भोकं मोठी झाली.

तीन गावांना पिंपं मिळाली. चार गावांना नाही. त्यांतल्या दोन गावांत बायकांचे गट मोडले. इसातूला म्होरकेपणावरून काढलं. तू आम्हाला फसवलंस, असं बायका तिला तोंडावर म्हणाल्या. कोरड्या खळ्यावर आता कोणाची मिरची वाळते, कोणाची मुलं खेळतात. हे सगळं अक्कांना इसातूकडूनच कळायचं. तिनं फोन करणं थांबवलं नव्हतं.

"माफ केलं तिनं?" मी एकदा विचारलं.

"छे," अक्का म्हणाल्या. "फोन करते, एवढंच. मी उचलतें, एवढंच."

त्यांची तब्येत उतरली होती. रक्तदाब वाढला, पाय सुजायचे. माधवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीस सांग ना, पुरे झालं म्हणून. तुझं ऐकते." माझं त्या कधीच ऐकत नव्हत्या, पण मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "चार राहिलीं आहेत."

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याची पुन्हा बदली झाली, पुण्याला. निघायच्या दिवशी सकाळी अक्का स्टेशनवर आल्या. येऊ नका म्हणून सांगितलं होतं. सुती साडी, केसांत कनकांबराची म्हणजे अबोलीची फुलं, हातात केळीच्या पानात बांधलेली इडल्यांची पुडी. माझ्या मुलीला त्यांनी मराठीत काहीतरी सांगितलं, ते तिला अर्धंच कळलं. गाडी आली. सामान चढवताना अक्का दारापाशी उभ्या होत्या, पुडी देणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं.

"इसातू?" मी दारातून विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि फोन कानाला लावला. स्टेशनवर गोंगाट होता, त्यांना ऐकू येईना. दुसरा कान पुडीच्या हातानं झाकत त्या प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या नळापाशी गेल्या. मी त्यांचा आवाज ऐकत होते. "पाऊस केव्हापासून? किती पोती भिजली? कोणत्या गावची?" मग जास्त मोठ्यानं, "नाही, नाही, टाकून देऊ नका. ऐक. पसरायला जागा आहे का? आधी जिची साळ आहे तिला विचार, किती तास भिजलीय. विचार, मी थांबते."

गाडी हलली. मी हाक मारली, "अक्का!" मुलीनंही हाक मारली. नळाजवळ एक बाई बाटली भरत होती, तिनं अक्कांच्या खांद्याला हात लावून आमच्याकडे बोट दाखवलं. अक्कांनी वळून न बघताच पुडीचा हात वर केला, थांब म्हणून. तो मला होता की त्या बाईला, कळलं नाही. पाठमोऱ्या त्या तशाच उभ्या होत्या, किंचित वाकलेल्या, फोन कानाशी घट्ट धरून, पलीकडून उत्तर येईपर्यंत.